विश्लेषण : ५० वर्षे बंद असलेला नौदल तळ अजून ‘स्वच्छ’ का होत नाही?

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये घर घेणे म्हणजे काय, हे तिथे नोकरीला असलेल्या कुणाही ओळखीच्या माणसाला विचारावे. जगातल्या सर्वात महागड्या शहरांपैकी ते एक. अशा शहरात ऐन खाडीकाठची शेकडो एकर जमीन पन्नास वर्षांपासून कुंपणाआड पडून आहे. हंटर्स पॉइंट हा अमेरिकी नौदलाचा तळ १९७४ मध्ये बंद झाला. तो साफ करून तिथे हजारो घरे, बागा आणि दुकाने उभी करायची, हे ठरूनही आता पाव शतक उलटून गेले. सफाईवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. तरीही एक मोठा आणि काही लहान तुकडे सोडले तर जमीन नौदलाकडेच आहे. कारण ‘ही माती स्वच्छ आहे’ असे सांगणाऱ्या कागदांवरच कुणाचा विश्वास उरलेला नाही.

हा तळ कुठे आणि कशासाठी होता?

शहराच्या आग्नेय टोकाला, खाडीत घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या तुकड्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खासगी सुक्या गोद्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नौदलाने ही जागा विकत घेतली. तिथली टेकडी फोडून निघालेले दगड-माती खाडीत लोटले आणि नवी जमीन तयार केली. आजच्या तळाचा बराचसा भाग या भरावावर उभा आहे. एकूण क्षेत्र ८६६ एकर, पण त्यातले जवळपास निम्मे पाण्याखाली.

युद्धकाळात इथे दिवसरात्र जहाजांची दुरुस्ती चाले. कामगार कमी पडले तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे इथे आली. शहरातल्या इतर वस्त्यांत त्यांना घर मिळणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे तळाला लागून असलेल्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट भागातच ती स्थिरावली. युद्ध संपले, पुढे तळही बंद पडला, रोजगार गेला. वस्ती मात्र तिथेच राहिली. पुढची सगळी गोष्ट समजून घेताना हा शेजार लक्षात ठेवावा लागतो.

१६ जुलै १९४५ रोजी पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. त्याच सकाळी ‘इंडियानापोलिस’ ही युद्धनौका हंटर्स पॉइंटहून निघाली. हिरोशिमावर पुढे पडलेल्या बॉम्बचे महत्त्वाचे भाग तिच्यात होते. ते प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर पोहोचवून पुढच्या प्रवासात असताना जपानी पाणबुडीने तिला बुडवले. अणुयुगाशी या तळाचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे. मात्र इथल्या मातीचा प्रश्न सुरू झाला तो वर्षभराने.

किरणोत्सर्ग मातीत आला कसा?

जुलै १९४६ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटाजवळ दोन अणुस्फोट केले. अणुबॉम्बपुढे जहाजे टिकतात का, हे नौदलाला पाहायचे होते. त्यासाठी नव्वदहून अधिक जुनी जहाजे तिथल्या सरोवरात नांगरून ठेवली होती. पहिला स्फोट हवेत झाला. २५ जुलैचा दुसरा पाण्याखाली झाला आणि त्याने उडवलेले किरणोत्सारी पाणी पावसासारखे जहाजांवर कोसळले. साबण, सोडा, पाण्याचे फवारे असे सगळे वापरून खलाशांनी डेक घासले. पण रंगात, गंजात, लाकडाच्या फटींत बसलेले कण निघेनात. अखेर काम थांबवावे लागले.

त्यातली डझनाहून अधिक जहाजे अभ्यासासाठी आणि सफाईचे प्रयोग करण्यासाठी हंटर्स पॉइंटला आणली गेली. इथे वाळूचा मारा करून त्यांचा रंग खरवडला, आम्लाने नळ्या धुतल्या. हा सगळा गाळ कुठे जाणार? काही पिंपांत भरला गेला, काही गटारांतून खाली गेला, काही जागच्या जागी राहिला. याच गरजेतून नौदलाची किरणोत्सर्गविषयक प्रयोगशाळा तिथे उभी राहिली आणि ती १९६९ पर्यंत चालली. किरणोत्सारी कचऱ्याची हजारो पिंपे फॅरलॉन बेटांजवळच्या समुद्रात नेऊन बुडवण्यात आली. ‘इंडिपेंडन्स’ ही बिकिनीत होरपळलेली विमानवाहू नौकाही काही वर्षे हंटर्स पॉइंटला ठेवून १९५१ मध्ये त्याच बाजूला बुडवली गेली.

बॉम्बाव्यतिरिक्त दुसरा, जास्त साधा स्रोत म्हणजे रेडियम. अंधारात वाचता यावेत म्हणून जहाजावरच्या घड्याळांच्या, मापकांच्या तबकड्यांवर आणि जिने-डेकच्या कडेच्या बटणांवर रेडियममिश्रित रंग लावत. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटला किंवा सायकलच्या चिखलपंख्याला चमकणारी पट्टी लावली की ‘रेडियम लावले’ म्हणतात. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, ती फक्त प्रकाश परावर्तित करते. नाव मात्र या जुन्या तबकड्यांच्या काळातले मागे राहिले. हंटर्स पॉइंटला खरे रेडियम होते. निकामी तबकड्या फेकल्या जात, रंगाचे ब्रश धुतलेले पाणी मोरीत जाई. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. म्हणजे १९४६ मध्ये गटारात गेलेल्या रेडियमपैकी आज जेमतेम तीन-चार टक्के कमी झाले असेल.

किरणोत्सर्गाच्या गाजावाजात एक गोष्ट मागे पडते. इथल्या प्रदूषणात साध्या औद्योगिक विषांचाही वाटा मोठा आहे : शिसे, पारा, इंधन, धातू साफ करण्याची द्रावणे आणि विद्युत उपकरणांतली पीसीबी ही घातक रसायने. तळ बंद झाल्यावर १९७६ ते १९८६ या काळात ही जागा एका खासगी जहाजदुरुस्ती कंपनीकडे भाड्याने होती. तिने घातक कचरा बेकायदा टाकून त्यात भरच घातली आणि त्याबद्दल तिच्यावर खटलाही झाला.

तळ बंद केल्यावर अमेरिकेत पुढे काय होते?

कुठला लष्करी तळ बंद करायचा हा तिथे अत्यंत नाजूक राजकीय प्रश्न असतो. तळ म्हणजे हजारो नोकऱ्या. आपल्या मतदारसंघातला तळ जाऊ द्यायला कुठलाही लोकप्रतिनिधी तयार होत नाही. यावर काढलेला तोडगा असा की एक स्वतंत्र आयोग यादी तयार करतो आणि ती संपूर्ण स्वीकारायची किंवा संपूर्ण फेटाळायची. एकेक नाव गाळण्याची सोय नाही. १९८८ ते २००५ दरम्यान अशा पाच फेऱ्या झाल्या. त्यातल्या १९९१ च्या फेरीत हंटर्स पॉइंटचे नाव अधिकृतपणे यादीत आले.

त्याआधी १९८९ मध्येच तो ‘सुपरफंड’ यादीत गेला होता. सुपरफंड हा १९८० चा कायदा. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागा ठरवायच्या, दोषी कोण ते शोधायचे आणि त्याच्याकडून सफाई करून घ्यायची, असे त्याचे सूत्र. कारखाना खासगी असेल तर हे सरळ आहे. पण प्रदूषण सरकारी खात्यानेच केले असेल तर? तेव्हा तेच खाते सफाईचे प्रमुख असते. ‘ईपीए’ ही केंद्रीय पर्यावरण संस्था आणि राज्याची खाती देखरेख करतात. म्हणजे इथे घाण करणारे नौदल, सफाईचा आराखडा मांडणारे नौदल, कंत्राट देणारे नौदल आणि ‘आता जमीन देण्यायोग्य झाली’ असे म्हणणारेही नौदल. शेवटच्या टप्प्यावर ईपीएची संमती लागते, ही जमेची बाजू. मात्र ईपीए ती देते मुख्यतः नौदलाच्या कंत्राटदाराने गोळा केलेले आकडे वाचून.

सोयीसाठी जमिनीचे ए ते जी असे तुकडे पाडण्यात आले. टेकडीवरचा ‘ए’ हा तुकडा मुख्यतः निवासी होता, तो तुलनेने स्वच्छ मानला गेला. २००४ मध्ये तो शहराला मिळाला आणि साधारण दहा वर्षांनी तिथल्या नव्या घरांत लोक राहायला आले. खालच्या गोद्या, कार्यशाळा आणि कचराभूमी असलेले तुकडे साफ होत होत एकामागून एक येतील, असा हिशेब होता.

माती स्वच्छ आहे हे ठरवतात कसे?

प्रयोगशाळेतले आणि कार्यशाळांतले पाणी गटारांतून वाहिले, म्हणून नौदलाने जमिनीखालच्या जुन्या नळ्याच उपटायचे ठरवले. सुमारे ४५ किलोमीटर लांबीच्या नळ्या काढल्या गेल्या. चरातून निघालेली माती मोकळ्या फरशीवर पातळ पसरायची. मग एक माणूस तिच्यावरून गॅमा किरण टिपणारे यंत्र सावकाश फिरवत चालणार. जिथे काटा उडी मारेल तिथली माती बाजूला. त्यानंतर आखून दिलेल्या जागांवरून नमुने घ्यायचे, डब्यांत भरायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. चराच्या तळाचेही तसेच. नमुने मर्यादेत आले तर माती परत चरात आणि तो भाग ‘पास’. नाही आले तर आणखी खोदायचे, पुन्हा नमुने.

मर्यादा किती? रेडियमसाठी निसर्गतः असते त्याहून दर ग्रॅम मातीत एक पिकोक्युरी जास्त. हा शब्द भीतिदायक वाटतो, पण एक पिकोक्युरी म्हणजे एका मिनिटात साधारण दोन अणूंचे विघटन. इतकी सूक्ष्म गोष्ट डोळ्यांना, नाकाला कळणे शक्यच नाही. हातातल्या यंत्रालाही ती नीट कळत नाही, भराभर फिरवले तर मुळीच नाही. साचलेले गटार साफ झाले की बघून समजते. इथे दूषित आणि स्वच्छ माती शेजारी ठेवली तर फरक सांगता येणार नाही. सगळा भरवसा डब्यातल्या मातीवर आणि त्या डब्यासोबतच्या चिठ्ठीवर : नमुना कुणी घेतला, कुठून घेतला, किती वाजता घेतला.

मग घोटाळा काय झाला?

किरणोत्सर्गाची तपासणी आणि सफाई यांचे मोठे काम ‘टेट्रा टेक ईसी’ या कंपनीकडे होते. २०१२ मध्ये नौदलाच्या तज्ज्ञांच्या लक्षात आले की काही ठिकाणचे नवे आकडे त्याच जागेच्या आधीच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मातीला तिची स्वतःची ओळख असते. किरणोत्सारी प्रदूषण असो वा नसो, पोटॅशियमसारख्या नैसर्गिक मूलद्रव्यांचे प्रमाण जागेगणिक वेगळे असते. एका चराचे म्हणून आलेले नमुने दुसऱ्याच कुठल्या तरी मातीसारखे दिसू लागले तर शंका येणारच.

कंपनीने चौकशी करून २०१४ मध्ये अहवाल दिला. काही नमुने नेमून दिलेल्या जागेचे नव्हते हे मान्य केले आणि दोष खालच्या कर्मचाऱ्यांवर टाकला. त्यानंतर कंपनीत काम केलेली माणसेच पुढे येऊन बोलू लागली. त्यांचे म्हणणे होते की हे एकदोघांचे काम नव्हते. वेळेत काम संपवण्याच्या दबावाखाली वरून सूचना येत होत्या. २०१८ मध्ये कंपनीच्या दोन माजी पर्यवेक्षकांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाल्याचे उघड झाले. संशयित जागेच्या मातीऐवजी स्वच्छ ठाऊक असलेल्या जागेची माती डब्यात भरल्याचे आणि कागदपत्रांत खोट्या नोंदी केल्याचे त्यांनी कबूल केले होते. त्यातल्या एकाने सुमारे २० वेळा असे करायला लावल्याचे मान्य केले.

पण खरा धक्का त्याआधीच्या एका आकडेवारीत होता. बी आणि जी या दोन तुकड्यांतल्या मातीची किती ठिकाणी पुन्हा तपासणी करावी, याचा अंदाज नौदलाने २०१७ मध्ये काढला : ‘बी’मध्ये १५ टक्के, ‘जी’मध्ये ४९ टक्के. ईपीएने आणि राज्याच्या खात्यांनी तीच कागदपत्रे तपासली. त्यांच्या मते ‘बी’मधल्या ९० टक्के आणि ‘जी’मधल्या ९७ टक्के जागांचे आकडे भरवशाचे नव्हते.

हे वाचताना एक घोटाळा टाळला पाहिजे. ९७ टक्के जागा भरवशाची नाही, याचा अर्थ ९७ टक्के जागा किरणोत्सारी आहे असा नाही. ती असेल किंवा नसेल. कदाचित बरीचशी माती खरोखर स्वच्छच असेल. पण ते आता कुणालाच खात्रीने सांगता येत नाही आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले ती वस्तू नेमकी तीच होती, खात्री. दूषित माती ट्रकने उचलून नेता येते. बिघडलेली नोंद मात्र दुरुस्त करता येत नाही, सगळे पहिल्यापासून मोजावे लागते. तेही अशा जागी, जिथून निघालेली माती ‘पास’ होऊन पुन्हा पुरली गेली आहे.

केंद्र सरकारने कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर भरण्याच्या तडजोडीचा मसुदा जाहीर झाला. कंपनीने गैरप्रकाराचे आरोप सुरुवातीपासून फेटाळले आहेत. एक अब्जाहून मोठ्या खर्चापुढे ही रक्कम फार नाही, हे उघड आहे. फेरतपासणीचा खर्च आणि गेलेली वर्षे कुठल्याच रकमेत बसत नाहीत.

शेजारच्या वस्तीचे म्हणणे काय?

बेव्ह्यूमधल्या लोकांना या घोटाळ्याचे आश्चर्य कमी वाटले, कारण अविश्वासाला आधीचा इतिहास होता. ऑगस्ट २००० मध्ये तळावरच्या जुन्या कचराभूमीला आग लागली. वरची ज्वाळा विझली तरी आतली धग कित्येक आठवडे धुमसत राहिली. नौदलाने शेजाऱ्यांना आणि ईपीएला वेळेत कळवले नाही. ईपीएने त्याबद्दल दंडही केला. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांपुढे एक ठराव होता : तळाची सफाई कुठल्याही वापराला चालेल इतकी पूर्ण व्हावी. सुमारे ८६ टक्के लोकांनी बाजूने मत दिले. ठराव नौदलाला बांधील नव्हता. पण शहराने काय मागितले होते याची ती लेखी नोंद आहे आणि आजही प्रत्येक सभेत तिचा दाखला दिला जातो.

पुढे ‘ए’ तुकड्यावर बांधकामासाठी टेकडी कापताना धुळीचा प्रश्न आला. तिथल्या हिरवट सर्पेंटाइन खडकात नैसर्गिक अ‍ॅस्बेस्टॉस असते. धुळीवर नीट लक्ष न ठेवल्याबद्दल २००८ मध्ये विकासक कंपनीला पाच लाख डॉलरहून अधिक दंड झाला. दम्याने आधीच बेजार असलेल्या वस्तीत ही धूळ उडाली होती.

२०१८ मध्ये फेरफार उघड झाल्यावर ‘ए’मधल्या रहिवाशांनी विचारले, आमच्या घराखाली काय आहे? राज्याच्या आरोग्य खात्याने यंत्रे घेऊन रस्ते आणि मोकळ्या जागा धुंडाळल्या. घरांना धोका असल्याचे काही आढळले नाही. मात्र एका उतारावर, फूटभराहूनही कमी खोलीवर, जहाजाच्या डेकवर लावायचे रेडियमचे एक गोल बटण सापडले. मोठ्या नाण्याएवढे. त्याने तिथून जाणाऱ्या कुणाला इजा झाली असण्याची शक्यता नव्हती. पण ज्या तुकड्याला चौदा वर्षांपूर्वी स्वच्छ म्हटले होते, त्याच तुकड्यात ते होते.

कुंपणाच्या आत माणसांचा वावर कधीच पूर्ण थांबला नव्हता, हेही सांगायला हवे. १९८० च्या दशकापासून जुन्या इमारतींत शेकडो चित्रकार-शिल्पकारांचे स्टुडिओ आहेत. शहर पोलिसांच्या काही पथकांनाही तळावरची एक इमारत अनेक वर्षे दिलेली होती. स्वस्त भाडे हेच त्याचे कारण. कुणाचेही एकमुखी मत नाही. काहींना तळ तसाच बंद राहावा असे वाटते. काहींना घरे आणि नोकऱ्या हव्या आहेत, पण आधी माती काढा म्हणतात. आणि काही जण थकून गेले आहेत, कारण वाट पाहणारी पहिली पिढी आता उरली नाही.

याच शहरातला दुसरा तळ कसा सुधारला?

हंटर्स पॉइंटपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, गोल्डन गेट पुलाच्या पायथ्याशी प्रेसिडिओ आहे. १७७६ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेला, १९९४ पर्यंत अमेरिकी सैन्याकडे असलेला सुमारे १५०० एकरांचा तळ. आज तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. जुन्या बराकींत घरे आणि कार्यालये आहेत, ‘स्टार वॉर्स’वाल्या ल्युकासफिल्मचे मुख्यालय तिथेच आहे, विमानांच्या धावपट्टीच्या जागी पाणथळ आणि गवताळ किनारा परत आणला आहे. त्याचा कारभार पाहणारी प्रेसिडिओ ट्रस्ट ही संस्था भाड्यातून स्वतःचा खर्च भागवते.

तिथेही जुन्या कचराभूमी होत्या, इंधनाच्या टाक्या होत्या. मग फरक कशाने पडला? एक कारण म्हणजे तिथे अणुप्रयोगशाळा नव्हती. दुसरे जास्त शिकण्यासारखे आहे. १९९९ मध्ये सैन्याने सफाईसाठी सुमारे दहा कोटी डॉलर ट्रस्टला दिले आणि सफाईची जबाबदारी ट्रस्टने घेतली. म्हणजे ज्याला त्या जमिनीवर पुढे कायम राहायचे होते, त्याच्याच हाती मोजमाप आणि पैसा आला. हंटर्स पॉइंटला सफाई करणारा आणि पुढे राहणारा हे वेगळे आहेत. एकाला काम संपवून जायचे आहे, दुसऱ्याला तिथे मुले वाढवायची आहेत.

तिसरे कारण कागदावर सापडणार नाही. प्रेसिडिओच्या कुंपणाबाहेर शहरातल्या सर्वात श्रीमंत वस्त्या आहेत. त्यांच्या तक्रारी कुणाला फार दिवस पडून ठेवता आल्या नसत्या.

खोदून काढायचे की झाकून टाकायचे?

लोकांचा सगळ्यात मोठा वाद आज याच मुद्द्यावर आहे. सगळी संशयित माती उपसून दूरच्या परवानाधारक कचराभूमीत नेणे हे महागडे आणि वेळखाऊ काम. त्यामुळे नौदलाच्या आराखड्यात बऱ्याच ठिकाणी ‘आवरण’ आहे : वर स्वच्छ मातीचा थर किंवा डांबर, खाली जे आहे ते तिथेच. २२ एकरांच्या जुन्या कचराभूमीवर प्लॅस्टिकच्या जाड पडद्यासह अनेक थरांचे झाकण आहे. यासोबत कायदेशीर अटी येतात. परवानगीशिवाय खोदायचे नाही, भूजल वापरायचे नाही, भाजीपाला लावायचा तर जमिनीत नव्हे, वेगळ्या वाफ्यात किंवा कुंडीत.

आरोग्याच्या दृष्टीने आवरण चुकीचे नाही. माती अंगाला लागली नाही, धूळ श्वासात गेली नाही, तर बहुतेक धोका टळतो. प्रश्न काळाचा आहे. कायद्यानुसार अशा जागेचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यायचा असतो. रेडियम १६०० वर्षांच्या मापाने चालते. आणि मध्येच समुद्र चढतो आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरी ज्युरीने २०२२ च्या अहवालात याकडे लक्ष वेधले : खाडीचे पाणी वाढले की किनाऱ्याखालचे भूजलही वर सरकते, म्हणजे आवरणाला वरून नव्हे, खालून पाणी लागते. भरावाची जमीन, उथळ भूजल आणि पुरलेले प्रदूषण अशी तिन्ही एकत्र आलेली ही जागा आहे. शहराने आणि नौदलाने याचा वेगळा अभ्यास करावा, असे ज्युरीचे म्हणणे होते.

झाकायचे की काढायचे याचा निर्णय शेवटी खाली किती आहे यावर अवलंबून असतो. आणि खाली किती आहे हे सांगणारे आकडे, आपण पाहिले, पुन्हा गोळा होत आहेत.

आता स्थिती काय आहे?

नौदलाने नव्या कंत्राटदारांमार्फत तुकड्या-तुकड्याने फेरतपासणी सुरू केली आहे. या वेळी कामावर वरून लक्ष ठेवणारे वेगळे लोक आहेत, ईपीए आणि राज्य स्वतःचे नमुने घेऊन पडताळणी करतात. विकासकाने दरम्यान आपला मोर्चा शेजारच्या कँडलस्टिक पॉइंटकडे वळवला आहे, जिथे जुने स्टेडियम पाडून मोकळी झालेली जागा आहे आणि नौदलाची परवानगी लागत नाही. दोन्ही जागा मिळून दहा हजारांहून अधिक घरांचा जो आराखडा होता, त्यातला हंटर्स पॉइंटचा हिस्सा कागदावर आहे.

ताजा वाद ऑक्टोबर २०२५ चा. ‘सी’ तुकड्यावर काम सुरू असताना हवेतली धूळ टिपणाऱ्या गाळण्या लावलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या त्यातल्या एका नमुन्यात प्लुटोनियम-२३९ हे कारवाईच्या मर्यादेहून जास्त आढळले होते. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे कळले ११ महिन्यांनी. तोच नमुना पुन्हा तपासला तेव्हा त्यात प्लुटोनियम आढळले नाही आणि रहिवाशांना धोका नव्हता, असे नौदलाचे म्हणणे आहे. शहराच्या आरोग्य खात्यानेही तातडीचा धोका नसल्याचे सांगितले, पण इतका उशीर का, याचा लेखी खुलासा मागितला. टेकडीवरच्या रहिवाशांच्या हाती आता एकाच गाळणीचे दोन निकाल आहेत : एक मर्यादेच्या वर, दुसरा शून्य.